नोंद ज्याची, सही त्याची

वाचकहो, ज्या घरात चाकाची खुर्ची येते, त्या घरासाठी गावाची मोजमापे बदलतात. तोपर्यंत दवाखाना दहा मिनिटांवर असतो आणि बँक अर्ध्या मैलावर. मग एके दिवशी दवाखाना तीन पायऱ्यांवर आणि बँक सात पायऱ्यांवर जाऊन बसते. अंतराची चिंता उरत नाही, ते रिक्षा कापते. पायरी मात्र रिक्षाला कापता येत नाही.

आमच्या कोल्हापूरचेच पाहा. हे पावसाचे गाव. घराचे जोते उंच बांधण्याची इथली जुनी रीत. दुकानासमोर गटार, गटारावर फरशी, फरशीपुढे दोन-तीन पायऱ्या आणि मग उंबरा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठी नव्याने बांधणारा माणूस जोते आणखी वर घेऊ पाहतो, त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु पाण्याला अडवणारी तीच उंची चाकालाही अडवते. आपण धडधाकट असतो तेव्हा या पायऱ्या आपल्याला दिसतच नाहीत. पाय त्या परस्पर चढून जातात.

चाकाच्या खुर्चीची ओळख या शहराला नवी नाही. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालची शक्ती गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी घराघरांत वाचले गेले. तरीही आपल्यापैकी बहुतेकांना वाटते, की ही खुर्ची कोणा दुसऱ्याची आहे. खुब्याचे हाड मोडले, अर्धांगवायूचा झटका आला, कंपवाताने चाल अडखळू लागली, की मग ती आपल्या ओसरीवर येते. त्या दिवसापासून प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर मुहूर्ताच्या आधी आपण स्थळ वाचतो, आणि मनात एकच प्रश्न येतो : तिथे आत जाता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर कोणी द्यावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

रंगांचा नकाशा

बर्लिनमधील ‘सोझियालहेल्डन’ या संस्थेने २०१० मध्ये ‘व्हीलमॅप’ नावाचा नकाशा इंटरनेटवर सुरू केला. संस्थेचे एक संस्थापक राउल क्राउटहाउझेन स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरतात. या नकाशाची रीत वाहतुकीच्या दिव्यांसारखी आहे. प्रवेशाला एकही पायरी नाही आणि आतल्या सर्व खोल्यांत जाता येते, तर हिरवा रंग. फार तर एक पायरी, तीही सुमारे सात सेंटिमीटर, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढी, आणि महत्त्वाच्या खोल्यांत जाता येते, तर पिवळा. जिथे हे जमत नाही, तिथे लाल. ज्याची नोंद कोणीच केलेली नाही, ते स्थळ करडे. स्वच्छतागृहासाठी वेगळी खूण आहे.

या नोंदी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या जगभरच्या सामाईक नकाशात साठवल्या जातात. हा नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. तो कोणा एका कंपनीचा नाही. ज्ञानकोशात जसे कोणीही भर घालतो, तसे इथे कोणीही आपल्या गल्लीतले औषधाचे दुकान, बसथांबा किंवा पाणपोई नोंदवू शकतो. म्हणजे कोल्हापूरच्या पायऱ्यांची माहिती बर्लिनहून येणार नाही, ती आपल्यालाच भरावी लागेल. आपल्याकडील बहुसंख्य स्थळे आज करडी आहेत.

ज्याला विचारता येत नाही असा हिरवा

माझे यजमान भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला; वाचा परतली, पण सावकाश. बुद्धी पूर्वीसारखीच शाबूत आहे. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला आम्ही एका कार्यालयात गेलो. नकाशावर ते हिरवे होते. प्रत्यक्षात पुढच्या दाराला चार पायऱ्या होत्या. मागच्या बाजूला उतरण होती, परंतु तिच्यावर खुर्च्यांच्या चळती रचलेल्या, आणि दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला. अखेर चौघा तरुणांनी यांना खुर्चीसकट उचलून वर नेले. मुले प्रेमाने धावून आली होती, त्यांना दोष नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मांडवभर लोकांसमोर गाठोड्यासारखे उचलले जाणे कसे वाटते, ते ज्याला उचलतात त्यालाच ठाऊक. जेवणाच्या पंगतीत हे कोणाशी बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला ती नोंद उघडून दाखवायला सांगितली. “कोणी लिहिलंय बघ,” एवढेच म्हणाले. मुलाने शोधले. नोंद एका सामाईक खात्यातून झाली होती. व्यक्तीचा पत्ता लागेना.

याचे कारण असे, की व्हीलमॅपवर नोंद करण्याच्या अनेक वर्षे दोन वाटा होत्या. स्थळ करडे असेल, तर खाते न उघडताही कोणालाही त्याला रंग देता येई, आणि अशा सर्व नोंदी एका सामाईक खात्याखाली जमा होत. दुसरी वाट, ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतःचे खाते उघडून त्या खात्यातून नोंद करण्याची. पहिल्या वाटेमागचा हेतू चांगलाच होता. वाटेने जाणारा माणूस दोन क्षण थांबून मदत करू शके. परवलीच्या शब्दांच्या भानगडीत त्याला पडावे लागत नसे. पुष्कळ करडे ठिपके त्यामुळे रंगले. पण तो रंग खरा की खोटा, कधीचा, कोणत्या दाराचा, हे विचारायचे कोणाला? कदाचित नोंद करणाऱ्याने ती उतरण मोकळी असताना पाहिली असेल. कदाचित तो स्वतः दोन पायांवर चालणारा असेल आणि चार पायऱ्या त्याला दिसल्याच नसतील. दोन्ही शक्य आहे, आणि दोन्हींत फार अंतर आहे. सामाईक खात्यात हे अंतर बुजून जाते.

भूकरमापकाचा हट्ट

यांचे सारे आयुष्य नकाशांत गेले. शंकूसाखळीने शेत मोजणारी माणसे त्यांनी पाहिली, फलकयंत्रावर स्वतः काम केले आणि शेवटची काही वर्षे नवी यंत्रेही हाताळली. मोजणीच्या नकाशावर भूकरमापकाची सही आणि तारीख असते. दोन भावांत बांधावरून वाद झाला, तर ज्याने मोजले त्याला बोलावून विचारता येते, की बाबा, हा दगड तू कुठे पाहिलास? सही नसलेला नकाशा म्हणजे नुसते चित्र, असे ते म्हणत आले आहेत.

ती नोंद आपण सुधारू, असे त्यांनी ठरवले, तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, माझं खातं आहेच. त्यावरूनच टाकू या. तुम्हाला कशाला परत नवा ई-मेल आणि पासवर्ड?”

हे म्हणाले, “पायऱ्या तू चढलास. मला चढवलं. मग सही तुझी कशी?”

त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी त्यांचे स्वतःचे खाते निघाले. डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षर अक्षर टिपत त्यांनी पहिली नोंद केली, तिला चाळीस मिनिटे लागली. नोंदीत रंगाबरोबर वाक्यही होते : पुढील दारास चार पायऱ्या, मागे उतरण आहे, परंतु दार बंद असते, आधी कळवून उघडून घ्यावे. काही आठवड्यांनी कोणा अपरिचिताने त्या नोंदीखाली विचारले, की मागच्या दारापर्यंत मोटार जाते का? यांनी उत्तर लिहिले. विचारणाऱ्याच्या घरी कोणाची खुर्ची होती, हे आम्हाला ठाऊक नाही. पण त्या घरातले कोणीतरी त्या कार्यालयात उचलले गेले नाही, असे मानायला आम्हाला आवडते.

वाचकहो, स्वतःच्या खात्याचे मोल मला इथे कळले. एक तर विचारता येते. दुसरे, तोलता येते : एकाच खात्यातून झालेल्या वीस नोंदी पाहिल्या, की हा माणूस मापून लिहितो की अंदाजे, हे ध्यानात येते. तिसरे, नोंद जिवंत राहते. उतरण बांधली गेली किंवा मोडली, तर ज्याने लिहिले त्याला कळवता येते आणि तो पुन्हा पाहून येतो. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदलाचा इतिहास खातेदाराच्या नावाने आणि तारखेने जपला जातो, म्हणून हे शक्य होते.

चौथी गोष्ट वैद्यकीय नाही, पण या पाक्षिकात सांगावी अशी आहे. आजारी माणसाच्या वतीने आपण सगळेच बोलू लागतो. डॉक्टरांना लक्षणे आपण सांगतो, पाहुण्यांना प्रकृती आपण सांगतो, बँकेच्या अर्जावर अंगठा कुठे उमटवायचा तेही आपणच दाखवतो. हे सारे मायेपोटी होते, आणि हळूहळू त्या माणसाचे स्वतःचे असे काही उरत नाही. ज्या गोष्टीचा तो एकटा खरा साक्षीदार आहे, तिची साक्ष तरी त्याच्या नावावर राहू द्यावी.

बसणारा आणि ढकलणारा

पुढे मीही माझे वेगळे खाते उघडले. एका घरात दोन खाती कशाला, असे आपल्याला वाटेल. पण खुर्चीत बसणारा आणि खुर्ची ढकलणारा, या दोघांना एकच जागा दोन तऱ्हांनी कळते. उतरण किती उभी आहे, हे माझ्या मनगटांना कळते; यांना ते तितके जाणवत नाही. उलट, औषधाच्या दुकानातला गल्ला त्यांच्या कपाळाच्या उंचीवर येतो आणि दुकानदार त्यांच्याशी न बोलता माझ्याशी बोलतो, हे मला उशिरा जाणवले असते. त्यांना पहिल्या दिवशी जाणवले. स्वच्छतागृहाचे दार पुरेसे रुंद आहे, हे मी सांगू शकते. आत खुर्ची वळवून दार लावता येत नाही, हे तेच सांगू शकतात. दोन साक्षी वेगळ्या ठेवल्या, तरच दोन्ही उपयोगी पडतात.

नाव आले की संकोच येतो

याला दुसरी बाजू आहे, आणि ती लहान नाही. आमच्या गल्लीतल्या वाणीदादांच्या दुकानाला दोन पायऱ्या आहेत. यांनी तशी नोंद केली. कोणीतरी ते त्यांना दाखवले असावे. दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. “काका, आमचं दुकान नकाशावर लाल केलंसा व्हय?” आवाजात राग कमी आणि वाईट वाटणे जास्त होते. वीस वर्षांची उधारीची वही आमच्या दोघांमध्ये आहे. नोंद निनावी असती, तर हा प्रसंग आलाच नसता.

हे म्हणाले, “तू वाईट आहेस असं लिहिलं नाही. दोन पायऱ्या आहेत असं लिहिलंय. मोजून बघ. उतरती फळी टाकलीस, तर त्याच दिवशी बदलून देतो.”

फळी अजून आलेली नाही. गटार आणि रस्ता यांत तेवढी जागाच नाही, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे. पण आता आमची रिक्षा थांबली, की ते पायऱ्या उतरून खाली येतात आणि यादी यांच्याच हातून घेतात. संबंध तुटला नाही. मला वाटते, त्याचे कारण नोंदीच्या भाषेत होते. निवाडा लिहिला, तर माणूस दुखावतो; माप लिहिले, तर त्याच्याशी बोलता येते. आणि ज्याला आपले नाव खाली लिहायचे असते, तो आपोआप माप लिहितो.

तथापि प्रत्येकालाच असे उघडपणे लिहिता येईल असे नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी, विशेषतः स्त्रियांनी, सावध असणे योग्यच आहे. खात्यावर खरे नाव असलेच पाहिजे, असा ओपनस्ट्रीटमॅपचा नियम नाही. ई-मेल लागतो, पण तो इतरांना दिसत नाही. दिसते ते आपण निवडलेले नाव. ‘रंकाळाकाठ’ किंवा ‘जास्वंद’ असे काहीही घ्यावे. फक्त ते एकाच व्यक्तीचे असावे आणि नेहमी तेच असावे, म्हणजे त्या नावाला पत प्राप्त होते. शिक्षणसंस्था किंवा ज्येष्ठ नागरिक संघ मिळून हे काम करणार असतील, तरी एक सामाईक खाते आणि दहा जणांना तोच परवलीचा शब्द, असे करू नये. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे आणि संघाचे नाव हवे तर नोंदीच्या टिपणात यावे.

आणखी काही पथ्ये पाळावीत. आपल्या राहत्या घराची नोंद करू नये, आणि सुरुवात घराला लागून असलेल्या स्थळापासूनही करू नये. नोंदी कुठे दाटल्या आहेत यावरून आपण कुठे राहतो याचा अंदाज बांधता येतो. आजाराचे नाव, औषधे, घरी कोण कधी असते, हे कुठेही लिहू नये. ज्या घडीला जिथे आहोत, तिथून त्याच घडीला नोंद करण्याची घाई नको. कागदावर टिपून दोन दिवसांनी केली तरी चालते. परवलीचा शब्द डायरीत लिहून ठेवावा आणि तो घरातल्या एकाच विश्वासू माणसाला माहीत असावा. डोळ्यांनी किंवा हाताने साथ सोडली, तर टंकन दुसऱ्याने करावे, पण मजकूर वाचून दाखवून आणि होकार घेऊनच.

काय पाहावे, कसे लिहावे

सोबत शिंप्याचा टेप ठेवावा. पुढील गोष्टी पाहाव्यात.

पायऱ्या किती आणि प्रत्येकीची उंची किती. उंबरा असल्यास तोही पायरीच धरावा.

उतरण असल्यास तिची लांबी. सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे : सहा इंच उंचीसाठी निदान सहा फूट लांब उतरण हवी. दोन फुटांत सहा इंच चढवलेली उतरण खुर्चीला धोक्याचीच ठरते. ती ‘आहे’ एवढेच लिहिणे म्हणजे पुढच्या माणसाची दिशाभूल.

दाराची मोकळी रुंदी. नव्वद सेंटिमीटर असेल तर निश्चिंत व्हावे.

स्वच्छतागृहात खुर्ची वळवण्यासाठी साधारण दीड मीटर लांब-रुंद मोकळी जागा आणि भिंतीला धरायचे दांडे.

कोणते दार. अंबाबाईच्या मंदिराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. अशा स्थळी ‘जाता येते’ किंवा ‘जाता येत नाही’ एवढे लिहून कोणाचे भागणार नाही. कोणत्या दरवाजाने, कुठवर, ते लिहावे.

दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून पाहून माहिती उतरवू नये. ओपनस्ट्रीटमॅपला ते चालत नाही. स्वतः पाहिलेलेच लिहावे. अँड्रॉइड फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचे ॲप आहे. ते आपण उभे असू तिथल्या स्थळांबद्दल एकेक साधा प्रश्न विचारते आणि उत्तर आपल्या खात्यातून नकाशावर पाठवते. ज्यांना नकाशाची भीती वाटते, त्यांनी त्यापासून सुरुवात करावी.

साक्ष कुठवर जाते

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येण्याजोग्या कराव्यात, असे त्यात सांगितले आहे. ती मुदत कधीच उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. केंद्र सरकारचे ‘सुगम्य भारत’ ॲप २०२१ पासून आहे आणि त्यावर छायाचित्रासह तक्रार करता येते.

नकाशावरची नोंद म्हणजे तक्रार नव्हे, आणि तिने कोणतीही पायरी आपोआप पाडली जाणार नाही. पण नगरसेवकाकडे, बँकेच्या व्यवस्थापकाकडे किंवा कार्यालयाच्या मालकाकडे जाताना ‘लोकांना त्रास होतो’ असे म्हणण्यापेक्षा ‘मी, अमुक तारखेला, चार पायऱ्या मोजल्या’ असे म्हणणे अधिक वजनदार असते. समोरच्याला उत्तर द्यावे लागते, कारण विचारणारा समोर आहे.

वाचकहो, आपण फार मोठे काम अंगावर घ्यावे, असे मी सुचवीत नाही. ज्या पाच ठिकाणी आपल्याला महिन्यातून एकदा जावेच लागते, तेवढीच घ्या : दवाखाना, औषधाचे दुकान, बँक, देऊळ आणि नातेवाइकांच्या लग्नाचे एखादे कार्यालय. तिथल्या पायऱ्या आपल्याला तोंडपाठ असतात, टेपचीही फारशी गरज पडणार नाही. खुर्चीत बसणाऱ्याने आपले खाते उघडावे, ढकलणाऱ्याने आपले. मुला-नातवंडांना फोन कसा चालवायचा ते जरूर विचारावे. काय लिहायचे, ते मात्र त्यांना विचारू नये. ते आपल्याला अधिक चांगले ठाऊक आहे.